नवरीचं काय झालं?

आमच्या घरात एक साखरकाकी होती. ती गोड बोलते म्हणून तिला साखरकाकी म्हणतात, अशी लहानपणी आम्हा सगळ्या भावंडांची पक्की समजूत होती. खरं तर ती फारशी गोड बोलायची नाही. मोजकं बोलायची आणि बोललेलं टोचायचं. तरी नाव पडलंय म्हणजे पूर्वी कधीतरी गोड बोलत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शाळेच्या भिंतीवर पोलादपूर तालुक्याचा नकाशा होता. एक दिवस थोरल्यानं त्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, ‘साखर’. तेव्हा उलगडा झाला. ते तिच्या माहेरचं गाव.

मग एकेक सुटत गेलं. देवळ्याची काकी, वाकणची चुलती, कापड्याची वहिनी. पडवीतून हाक जायची ती गावाच्या नावानं आणि आतून ओ यायची ती बाईची. आमच्या माजघरात चुलीपुढं अर्धा पोलादपूर तालुका भाकऱ्या थापत बसलेला असे. खुद्द आजीलाही तिच्या वयाच्या बायका माहेरच्या गावावरूनच हाक मारत. घरातल्या पोरींना नावं होती. पण पोरी लग्न होऊन गेल्या की परक्या गावात त्या ‘कुडपणची’ होणार, हेही ठरलेलंच होतं.

कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वर सह्याद्रीच्या कुशीत चढून बसलेलं गाव. आता पावसाळ्यात धबधबा बघायला गाड्या येतात. आमच्या लहानपणी पायाखालची वाट हाच रस्ता. चार महिने धुकं असं की शेजारच्या घरचा कोंबडा फक्त ऐकू यायचा. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरी. अंगावर इरलं घेऊन वाकलेल्या बायका लांबून हिरव्या उतारावर चिकटलेल्या कासवांसारख्या दिसत. गावाला दोन गोष्टींचा अभिमान. एक भीमाची काठी म्हणून उभा असलेला सुळका, आणि दुसरा शेलारमामा. तानाजीबरोबर कोंढाण्यावर चढलेले, तानाजी पडल्यावर ज्यांनी उदयभानाला लोळवला असं सांगतात, ते शेलारमामा आमच्या गावचे. तानाजींचं उमरठ आमच्याच तालुक्यात, आणि सूर्याजींची समाधी साखरला. म्हणजे चौथीच्या इतिहासातला तो धडा आम्हाला पाठ करावा लागला नाही. तो आमच्याकडं भावकीतला विषय होता.

त्या घरात आम्ही दोघा भावांची मिळून आठ पोरं वाढलो. काकीला मूल नव्हतं. तिचे यजमान, आमचे मधले काका, मुंबईत तापानं गेले तेव्हा आमच्यातली निम्मी जन्मलीही नव्हती. म्हणजे आम्ही आठही जण थोडेथोडे तिचेच. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी आम्ही अक्षरं ओळखली ती तिच्या पितळी कळशीवर. कळशीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. बरीचशी अक्षरं झिजली होती, पण ‘हिस आईकडून’ एवढं लख्ख वाचता यायचं. त्यावरून हिसआई नावाची कुणी लांबची म्हातारी असणार आणि तिनं ही कळशी दिली असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. काकी पाणी घेऊन आली की आम्ही ओरडायचो, ‘हिसआई आली!’ ती हसायची. खुलासा मात्र तिनं कधी केला नाही.

*

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे धाकटे चुलते, तात्या, साळखात्यात साच्यावर होते. महिना गेला, दोन गेले. उन्हाळ्यात ते गावी आले ते सणासुदीचे चाकरमानी म्हणून नव्हे, तर वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत कपडे कमी, पुस्तकं जास्त. काही कामगारवस्तीतल्या वाचनालयाची, शिक्का मारलेली, परत करायची राहून गेलेली. गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल असं म्हणत पाऊस लागला. वाट बंद झाली. लावणी उरकली. रात्री करायला काही नाही. तेव्हा तात्यांनी कंदिलाची वात वर केली आणि वाचायला सुरुवात केली.

आमच्या पिढीला वाचनाची गोडी कुठं लागली असं कुणी विचारलं तर आम्ही आठही जण एकच उत्तर देऊ: 1982 च्या पावसात, माजघरात, कंदिलाखाली. पुरुष भिंतीला टेकून, आम्ही पोरं पोत्यावर पालथी. बायका ऐकायला म्हणून कधी बसल्या नाहीत. त्या कामाला बसायच्या. कुणी वाल सोलतंय, कुणी तांदूळ निवडतंय. काकी जात्यावर. नाचणीचं दळण तिच्याकडं. जात्याची घरघर मंदावली की समजायचं, गोष्ट रंगली. तात्यांना तोच अंदाज पुरे असायचा.

पहिली निवड अर्थातच ‘गड आला पण सिंह गेला’. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, आणि विषय आमच्या भावकीतला. तिच्यावरून प्रभातनं 1933 साली ‘सिंहगड’ चित्रपट काढला होता आणि तो आपल्या वडिलांनी पाहिलेला, हेही तात्यांनी सांगून टाकलं. आता कोंढाणा सर होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो, तर सुरुवातीलाच एक राजपूत बाई. कमलकुमारी. नवरा मेलेला, तिला सती जायचंय, आणि उदयभान तिला पकडून नेतो. तो तिच्यावर डोळा ठेवून आहे. पुढं गडावर ती त्याच्या कैदेत. आम्ही पोरं कंटाळलो. घोरपड कधी, दोर कधी?

जातं थांबलं.

‘तिच्यासाठी गड घेतला काय?’ काकीनं विचारलं.

‘नाही गं वैनी. गड गडासाठीच. 1670 साली, माघ वद्य नवमीला.’

‘मंग तिला मधी कशाला घातली?’

तात्या जरा अडले. मग म्हणाले, ‘गोष्टीला रंग यावा म्हणून. उदयभान किती वाईट ते कळायला नको?’

‘म्हंजे त्यो वाईट दिसावा म्हणून ही कोंडलेली.’ एवढं बोलून काकीनं जात्यात मूठभर नाचणी घातली आणि खुंट्याला हात लावला.

आम्ही हसलो. आज हे सांगताना आमच्यातल्या थोरल्याला वाटतं की समीक्षा म्हणतात ती आपण पहिल्यांदा तिथं ऐकली. 2020 साली ‘तान्हाजी’ आला तेव्हा आम्ही मुंबईत, पुण्यात, जो तो आपापल्या गावी तो बघायला गेलो. त्यातही एक कमल कैदेत होती. कादंबरीनंतर एकशेवीस वर्षांच्या आसपासचा काळ गेला, पडदा मोठा झाला, आवाज चहूबाजूंनी यायला लागला, तरी तो वाईट दिसावा म्हणून ही कोंडलेली. मध्यंतरात बहिणीचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, ‘काकी आठवली का?’

पण काकीचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो तिनं पुढं आयुष्यभर विचारला आणि त्याची घरात म्हणच झाली. लेकाच्या, रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तानाजी आणि शेलारमामा महाराजांकडं जातात, आणि कोंढाण्याचं ऐकल्यावर तानाजी लग्न बाजूला ठेवतात, हा भाग तात्या उभं राहून वाचायचे. आमच्या छात्या फुगायच्या. वाचन संपलं, सगळे गप्प, आणि जात्यापाशी आवाज आला:

‘मंग नवरीचं काय झालं?’

‘कोण नवरी?’

‘रायबाची. हळद लागली असंल. मांडव घातला असंल. मंग?’

‘अगं, पुढं महाराजांनी स्वतः लग्न लावलं म्हणतात रायबाचं.’

‘रायबाचं झालं. मी नवरीचं इचारलं.’

सगळं माजघर हसलं. तात्याही हसले. नवरी कुठल्या गावची, नाव काय, वय काय? पोवाड्यात नाही, धड्यात नाही, आमच्या घरच्या सांगण्यातही नाही. सासरा निघून गेला, परत आला तो पालखीतून. मोडलेल्या मांडवाकडं बघत बसलेल्या त्या पोरीला गावानं पांढऱ्या पायाची म्हटलं असेल का? आमच्या गावच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीत एक पोरगी दारात उभी होती. गेली तीनशे वर्षं तिच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते साखरच्या काकीनं.

*

श्रावणात तात्यांनी दुसरी कादंबरी काढली. ‘पण लक्षात कोण घेतो’. तीही हरिभाऊंचीच. 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली, 1893 ला पुस्तक झालेली. लिहिणारा पुरुष, पण सांगते यमू, स्वतःच्या तोंडानं. माजघरातल्या बायकांना हे आधी खरंच वाटेना. ‘बाप्याला कसं ठाव?’ असं देवळ्याच्या काकीनं दोनदा विचारलं. चार-पाच रात्रींत यमू घरचीच झाली. पाण्यावर जाताना तिच्याविषयी बोलणं निघायचं. तिच्या आईच्या मरणाला आजीनं नाक पुसलं. शंकरमामंजीचं नाव निघालं की वाल सोलणारी बोटं जोरात चालायची. बाईच्या छळाची गोष्ट पुस्तकात असू शकते, इतकी लांबलचक, इतकी बारीकसारीक, हेच आमच्या घरातल्या बायकांना नवल होतं. छळ नवीन नव्हता, तो लिहिण्याजोगा असतो हे नवीन होतं.

मग ती रात्र आली. यमू विधवा झाली. तिच्या मनाविरुद्ध, धरून, तिचं केशवपन केलं जातं, तो भाग. तात्यांचा आवाज दाटला. आजी रडत होती, आई रडत होती, आम्ही पोरंही रडत होतो. आणि जातं? जातं मंदावलं नाही. उलट जोरात फिरायला लागलं. इतकं की तात्यांना आवाज चढवावा लागला. शेवटी आजी म्हणाली, ‘साखरचे, थांबव की जरा ते.’ काकीनं थांबवलं. पीठ भरलं, सूप उचललं आणि ती गोठ्यात निघून गेली.

‘आपल्यात बरं,’ आजी डोळे पुसत म्हणाली. ‘आपल्यात डोकी भादरत न्हाईत. ते बामणांत.’

सगळ्यांना बरं वाटलं. आपल्यात नाही ते. खरंच नव्हतं. आसपासच्या वाड्यांत विधवेचा पाटही लागायचा. आमच्या घराण्याला तो कमीपणा वाटायचा, म्हणून काकीचा कुणी विषय काढला नव्हता. शिवाय नाचणीच्या चार मोठ्या पट्ट्या होत्या आणि हात थोडे होते. पण डोकं भादरलं नव्हतं. ती बिनकुंकवाची होती, एवढंच.

पुढच्या वैशाखात आमच्या आक्काचं लग्न निघालं. घरातली पहिली मुलगी. हळद दळायची होती. काकीसारखं दळण सगळ्या वाडीत कुणाचं नाही. पण जात्याला हळकुंडं बांधायची ती सवाष्णींनी, दळायची ती सवाष्णींनी, लावायची तीही त्यांनीच. यात कुणी काकीला काही बोललं नाही. कुणी बोलावं लागतच नाही. ती आपणहून मागच्या दारी गेली. आक्काच्या न्हाणाचं पाणी मात्र तिनंच भरलं. बारा खेपा. पितळी कळशी डोक्यावर, पायऱ्यांपर्यंत. तिथून पुढं दुसरीनं कळशी घ्यायची. पाणी तिच्या डोक्यावरून आलेलं चालत होतं, तिचा हात चालत नव्हता.

आमची धाकटी तेव्हा सात वर्षांची. तिनं मोठ्यानं विचारलं, ‘काकी का नाही येत आत?’ आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. तात्या मांडवात आंब्याची डहाळी बांधत होते. त्यांनी वर पाहिलं, पायरीवरच्या काकीकडं पाहिलं, आणि पुन्हा सुतळीला गाठ मारू लागले. यमूसाठी ज्यांचा आवाज दाटला होता तेच तात्या. ती कादंबरी त्यांनी नंतर कधी पुन्हा वाचायला घेतली नाही. ट्रंकेत तळाशी गेली.

आम्ही हे त्या दिवशी पाहिलं आणि त्या दिवशी आम्हाला काहीच दिसलं नाही. दिसायला पुढं बरीच वर्षं लागली. कुणाला दहा, कुणाला वीस.

*

गोष्टी काय फक्त पुस्तकातून येत होत्या? शिमग्यानंतर आणि गणपतीत शक्ती-तुऱ्याचे सामने असायचे. रात्रभर. पायात चाळ, कमरेला रंगीत शेले, मधे ढोलकी. शक्तिवाला शाहीर आदिमायेची बाजू घेणार, तुरेवाला शिवाची. बाई मोठी की पुरुष, प्रकृती आधी की पुरुष आधी, यावर पहाटेपर्यंत सवालजवाब. तत्त्वज्ञान संपलं की टोमणे सुरू. कजाग बायको, पळून गेलेली बायको, मारून वळणावर आणलेली बायको. त्यावर सगळ्यात मोठा हशा. बायका मागं, घोंगडी पसरून, पदर तोंडाला लावून हसायच्या. त्याही हसायच्या, हे सांगितलं पाहिजे. एकदा सामना बघून परतताना आमच्यातल्या एकानं काकीला विचारलं, कोण जिंकलं? ती म्हणाली, ‘शक्तीच्या बाजूनं बोलाया पण बाप्येच. कोण जिकलं काय आन् कोण हारलं काय.’

1988 च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालं तेव्हा आमच्यातले चार जण नोकरीच्या शोधात मुंबईत, गावकीच्या खोलीत होते. दहा बाय बाराची खोली, वीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. टीव्ही शेजारच्या चाळीत. वस्त्रहरणाच्या रविवारी जिना भरून माणसं उभी होती. कृष्णानं साडी पुरवली तेव्हा लोकांनी हात जोडले. सुट्टीत गावी गेल्यावर आम्ही ते दृश्य काकीला साग्रसंगीत सांगितलं. साडी कशी संपत नव्हती, दुःशासन कसा थकला. भीमाची काठी अंगणातूनच दिसणाऱ्या आम्हाला भीमाच्या प्रतिज्ञेचं जास्त. काकीनं ऐकून घेतलं.

‘तिनं काय इचारलं म्हणालास?’

‘धर्मराजानं आधी स्वतःला हरवलं की आधी मला? स्वतःला आधी हरला असेल तर त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का?’

‘मंग? काय सांगितलं कुणी?’

‘भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म असतो.’

‘म्हंजे न्हाई सांगितलं.’ आणि थोड्या वेळानं, ‘साडी दिली. उत्तर न्हाई दिलं.’

1991 साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल सासरचा छळ सोसते आणि थेटरात बायका हुंदके देतात, अशी वर्णनं मुंबईहून आली. पुढच्या मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेला गावानं व्हिडिओ आणला. भाड्याचा जनरेटर, रंगीत टीव्ही, मारुतीच्या पारावर. साऱ्या वाड्यांच्या बायका आल्या. त्या रात्री कुडपणला जेवढं रडणं झालं तेवढं कुणाच्या मरणाला झालं नसेल. आम्ही शिकलेली पोरं मागं उभं राहून चेष्टा करत होतो. आज वाटतं, चेष्टा करायला नको होती. घरात रडायचं तर कारण सांगावं लागतं. इथं दुसरीच्या नावावर आपलं रडून घेता येत होतं. वर्षाचा साठा रिकामा करून त्या उजाडायला घरी गेल्या आणि चुलीला लागल्या. काकी मात्र अर्ध्यातून उठली. ‘सोसंल, सोसंल आन् समदे तिला देवी म्हणतील,’ ती म्हणाली. ‘मला गुरांचं बघायचंय.’

*

घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी ती धाकटी, चिमटा खाल्लेली. महाडला खोली घेऊन राहिली. तोवर आमच्यासाठी महाड म्हणजे बाजार, दवाखाना आणि मुंबईची गाडी. तिनं आम्हाला सांगितलं की 25 डिसेंबर 1927 ला याच महाडात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, ठराव गंगाधरपंत सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता, आणि त्या परिषदेला आलेल्या बायकांशी बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले होते. घरापासून एका दिवसाच्या वाटेवर हे घडलेलं, आणि आमच्या माजघरात त्याचा शब्दही आलेला नव्हता. आजोबा तेव्हा तरणेताठे असणार. त्यांनी ऐकलं नसेल असं नाही. ते सांगण्याची गोष्ट त्यांनी मानली नाही.

एका दिवाळीत तिनं एक पातळसं पुस्तक आणलं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’. 1882 सालचं, पुढं जवळजवळ शतकभर विस्मरणात गेलेलं, आणि 1975 ला स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलेलं. तात्या आता थकले होते, तेव्हा वाचायला धाकटीच बसली. कंदिलाच्या जागी बल्ब, जात्याच्या जागी पोलादपूरची गिरणी, पण काकी त्याच कोपऱ्यात, जात्याच्या पाळीवर हात ठेवून. धाकटीनं सांगितलं की ही बाई गोष्टी लिहिणाऱ्यांनाही सोडत नाही. स्त्रीचरित्राच्या नावाखाली बाई म्हणजे कपट, बाई म्हणजे चळ असल्या कथा रचणाऱ्यांना, नाटकं लिहिणाऱ्यांना ती विचारते की हे सगळे अवगुण बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत का?

काकी पुढं सरकली. ‘ही कुठली?’

‘बुलढाण्याची.’

‘बुलढाणची,’ काकीनं सुधारलं, आणि तिला आमच्या माजघरात जागा देऊन टाकली. त्यानंतर ताराबाई आमच्या घरात ‘बुलढाणची’ झाल्या. देवळ्याची, वाकणची, कापड्याची, बुलढाणची. पुष्कळ दिवसांनी काकीनं विचारलं होतं, ‘बुलढाणचीनं आणिक काय लिवलं न्हाई काय?’ आणखी पुस्तक नाही, म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

त्याच सुट्टीत धाकटीनं तिला ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या गोष्टी वाचून दाखवल्या. 1933 साली त्या छापल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि लिहिणाऱ्या बाईंनी विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं होतं, खऱ्या त्या मालतीबाई बेडेकर, हेही सांगितलं.

‘खरं नाव दडवलं?’

‘हो. लोक काय म्हणतील म्हणून.’

‘पर तिला ठाव हुतं ना, आपण काय दडवलंय ते,’ काकी म्हणाली.

हे वाक्य धाकटीनं तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आम्हीही ऐकलं होतं, शेजारी पत्ते खेळत.

*

काकी 2009 च्या पौषात गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. आठही जण जमलो. तिच्या माहेरच्यांचा कुणाकडं फोन नव्हता. भाऊ वारलेला, भाचे मुंबईला. तरी भावकीला सांगावं लागतं, म्हणून थोरला आणि मी मोटारसायकलवर साखरला गेलो.

गावाच्या तोंडाशी पारावर चार-पाच माणसं होती. थोरला म्हणाला, ‘आमची काकी गेली. कुडपणहून आलोय.’

‘कोण काकी?’

‘साखरची.’

माणसं आमच्याकडं बघत राहिली. साखरमध्ये सगळ्या साखरच्याच. आम्ही रेशनकार्डावरचं नाव सांगितलं. ते लग्नात तांदळात लिहिलेलं, आमच्या घरचं. ते तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं. काकांचं नाव सांगितलं, तेही चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या जावयाचं. दोन शिकलेली, पगारदार माणसं हातात रुमाल घेऊन उभी होती आणि कोण मेलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. एवढ्या पुस्तकांतल्या एवढ्या बायकांची नावं आम्हाला तोंडपाठ होती. यमू, कमलकुमारी, द्रौपदी.

शेवटी एका घराच्या ओट्यावरून एक म्हातारी खाली उतरली. काठी टेकत जवळ आली. ‘कुडपणला दिलेली म्हणता काय? कळशी घेऊन गेलेली?’

‘पितळी कळशी. हो.’

‘आमच्या बरोबरीची गं ती,’ म्हातारी म्हणाली, आणि तिनं नाव घेतलं.

आम्ही पहिल्यांदा ऐकलं. तीन अक्षरी, साधं नाव. म्हातारीनं ते दोन-तीनदा घेतलं, परकराच्या वयातली पोरगी समोर असावी तसं. मग विचारलं, ‘लगीन होऊन गेली ती पुन्हा फारशी आलीच न्हाई. काय झालं तिचं?’

थोरला माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं. काय सांगायचं? दळलं, पाणी भरलं, आठ पोरं वाढवली, पायरीवर थांबली. आम्ही म्हणालो, ‘झोपेत गेली. त्रास झाला नाही.’

घरी आल्यावर धाकटीनं चुलीतली राख आणि चिंच घेतली आणि कळशी घासायला बसली. इतकी वर्षं काकीच घासायची, रोज, नारळाच्या शेंडीनं, आणि म्हणूनच ‘हिस आईकडून’च्या आधीची अक्षरं गेली होती. उजेडात तिरकी धरल्यावर दिसलं, एक वेलांटी आणि शेवटचा काना. म्हातारीनं सांगितलेल्या नावाशी ते जुळत होतं.

ती कळशी आता धाकटीकडं पनवेलला आहे. तिच्या मुलीनं मागं एकदा चौथीचा तानाजीचा धडा मोठ्यानं वाचला, पुस्तक मिटलं, आणि आईला विचारलं, ‘मग नवरीचं काय झालं?’ तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. धाकटी म्हणते, तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, ‘बस इथं. सांगते.’